हॅम्बलटोनियनच्या चित्रात घोड्याचे पाय खरंच चुकलेत का? घोड्यांच्या डॉक्टरचं उत्तर

प्रश्न असा आलाय की अठराव्या शतकातला इंग्लिश चित्रकार जॉर्ज स्टब्स हा घोडे काढणारा सगळ्यात मोठा चित्रकार असं सगळे म्हणतात, मग त्याच्या 'हॅम्बलटोनियन, रबिंग डाउन' (रेसनंतर अंग चोळून पुसताना) या चित्रात घोड्याच्या एकाच बाजूचे दोन्ही पाय, पुढचा आणि मागचा, एकदम उचललेले कसे? असा घोडा उभाच राहू शकत नाही, आडवा पडेल. मग ही पंचाहत्तरीतल्या म्हाताऱ्याची चूक समजायची का? आणि घोड्याच्या मालकाने चित्राचे पैसे द्यायला नकार दिला तो यामुळेच का?

मी चित्रकलेतला माणूस नाही हे आधीच सांगतो. मी घोड्यांचा डॉक्टर. परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलो आणि नंतरची सगळी वर्षं रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात गेली, त्यामुळे रंग, ब्रशवर्क, कंपोझिशन यावर माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नका, पण त्या घोड्याला काय झालंय हे मात्र मी सांगू शकतो, कारण तसा घोडा रेसच्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर येतो.

माझं मत सरळ आहे: चूक नाही. ते पाय मुद्दाम तसे काढलेत आणि जवळजवळ खरेही आहेत. आता 'जवळजवळ' का म्हणतो ते सांगतो पण त्याआधी त्या दिवशी काय झालं ते माहीत असायला हवं, नाहीतर चित्र अर्धंच कळतं.

हॅम्बलटोनियन १७९२ चा घोडा, बे रंगाचा, आपल्याकडचे जुने लोक ज्याला कुमैत म्हणतात तो. किंग फर्गसचा मुलगा आणि किंग फर्गस हा एक्लिप्स या गाजलेल्या रेसच्या घोड्याचा, म्हणजे हा एक्लिप्सचा नातू. १७९५ साली इंग्लंडमधल्या डॉनकास्टरची सेंट लेजर ही मोठी रेस जिंकला. पुढच्या वर्षी सर हेन्री वेन-टेम्पेस्ट नावाच्या डरहॅमकडच्या बड्या जमीनदाराने त्याला विकत घेतला, कोळशाच्या खाणी होत्या याच्या, पैशाला तोटा नव्हता. मग १७९९ मध्ये डायमंड नावाच्या घोड्याशी मॅच ठरली. त्या काळात मॅच म्हणजे दोनच घोडे, दोन मालक आणि मधे पैज. पैज होती ३,००० गिनींची (गिनी म्हणजे तेव्हाचं सोन्याचं इंग्लिश नाणं), वर लोकांनी आपापसात लावलेले पैसे वेगळे. २५ मार्च १७९९, न्यूमार्केट, बीकन कोर्स. हा कोर्स चार मैलांहून जास्त, म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण पावणेसात किलोमीटर. पुण्यात इंडियन सेंट लेजर होते ती २,८०० मीटरची आणि ती आपल्याकडची लांब रेस समजली जाते, शेवटच्या दोनशे मीटरला घोडे कसे दिसतात ते ज्यांनी रेलिंगला उभं राहून बघितलंय त्यांना विचारा. इथे त्याच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि तेही शेवटपर्यंत दोघं खांद्याला खांदा लावून.

हॅम्बलटोनियनवर फ्रँक बकल होता, त्या काळातला नंबर एकचा जॉकी. तो जिंकला, पण अर्ध्या मानेच्या फरकाने. दोन्ही घोड्यांना चाबकाने आणि टाचांच्या काट्यांनी इतकं झोडपलं होतं की तेव्हाच्या लोकांनीसुद्धा त्याबद्दल वाईट वाटल्याचं लिहून ठेवलंय, आणि तेव्हाचे लोक काही फार हळवे नव्हते, कोंबड्यांच्या झुंजी बघणारे लोक होते ते. आज आपल्याकडे जॉकीने काठी जास्त वापरली तर स्टुअर्ड्स, म्हणजे रेसवर देखरेख करणारे अधिकारी, लगेच बोलावतात. तेव्हा तसलं काही नव्हतं.

तर मालकाने स्टब्सला चित्र सांगितलं. जिंकलेल्या घोड्याचं चित्र. आता या धंद्यात जिंकलेल्या घोड्याचं चित्र म्हणजे काय असायचं ते ठरलेलं होतं: घोडा एका बाजूने, चकचकीत, चारही पाय नीट दिसतील असा उभा, वर जॉकी मालकाच्या रंगाच्या कपड्यात, मागे कोर्स, झालं. आजही ट्रॉफीसोबत विनर्स सर्कलमध्ये फोटो काढतात तो त्याच साच्यातला. स्वतः स्टब्सनेही अशी चित्रं भरपूर काढली, पोट त्याच्यावरच होतं. पण इथे त्याने काढलं काय? जॉकी नाही. मालक नाही. गर्दी नाही. आहेत फक्त दोन नोकर माणसं, लगाम धरलेला ट्रेनर आणि अंग पुसणारा पोऱ्या, आणि मधे तो घोडा, कान मागे पडलेले, तोंड उघडं, शिरा तटतटलेल्या. कॅनव्हास जवळपास पावणेचार मीटर रुंद आणि दोन मीटरहून उंच, म्हणजे घोडा जवळपास खऱ्या मापाचा. दिवाणखान्यात रोज सकाळी चहा पिताना समोर हे असं.

आता पायांकडे येतो.

घोडा नुसता उभा असताना काय करतो? मागच्या दोन पायांपैकी एक ढिला सोडतो, खूर टोकावर टेकवतो आणि बाकी तिघांवर वजन टाकतो. त्याच्या मागच्या गुडघ्यात एक लॉक असतं, गुडघ्याची वाटी हाडाच्या कडेवर अडकते आणि स्नायूंना फार जोर न लावता पाय ताठ राहतो, म्हणून तो उभ्या उभ्या डुलकी काढू शकतो. पण असं लॉक करून एका वेळी एकच मागचा पाय मोकळा होतो. एका बाजूचे पुढचा-मागचा दोन्ही उचलून शांत उभा राहणं, नाही, ते जमत नाही, तिथपर्यंत तुमचं बरोबर आहे.

पण घोडा चालताना बघा. साध्या चालीत पाय पडतात ते एक मागचा, मग त्याच बाजूचा पुढचा, मग दुसऱ्या बाजूचा मागचा, मग त्याचा पुढचा. या क्रमात एक क्षण असा येतोच येतो की घोड्याचं सगळं वजन एकाच बाजूच्या दोन पायांवर असतं आणि दुसऱ्या बाजूचे दोन्ही हवेत. क्षणभरच, पण प्रत्येक पावलाच्या फेऱ्यात येतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घोडा चालतानाचा व्हिडिओ काढा, स्वतःला दिसेल. मारवाडी घोड्यांच्या रेवाल चालीत तर एका बाजूचे दोन्ही पाय जवळपास बरोबरच उचलले जातात, बसणाऱ्याच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळत नाही म्हणतात ती चाल. म्हणजे चित्रातली स्थिती निसर्गात नाही असं नाही. ती आहे, फक्त ती उभ्या घोड्याची नाही, हलणाऱ्या घोड्याची आहे, म्हणून मी 'जवळजवळ' म्हटलं.

आणि अशा रेसनंतरचा घोडा उभा राहतो का? नाहीच राहत. हाच तर मुद्दा आहे. पूर्ण ताकद संपलेला घोडा जागच्या जागी पाय बदलत राहतो, वजन इकडून तिकडे टाकतो, एक पाऊल पुढे, परत मागे, खुराने माती उकरतो. घामातून अंगातलं मीठ गेलेलं असतं, स्नायूंत पेटके येतात, पुठ्ठे दगडासारखे कडक होतात. फार वाईट केसमध्ये स्नायू तुटायला लागतात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते, तबेल्यात याला टायिंग अप म्हणतात, आणि तो घोडा मग पाऊलच उचलत नाही. हॅम्बलटोनियन त्या टोकाला गेलेला दिसत नाही, तो हलतोय, अस्वस्थ आहे, पण पायावर आहे. स्टब्सने त्या हलण्यातला सगळ्यात डळमळीत क्षण उचलला आणि एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर गोठवून ठेवला. म्हणून बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो की हा आता पडतोय. तो परिणाम हवाच होता त्याला, असं मला वाटतं.

चुकून झालं म्हणणाऱ्यांसाठी आता हॉर्कस्टोची गोष्ट. १७५६ ते १७५८ च्या दरम्यान स्टब्स लिंकनशायरमधल्या या खेड्यात एक शेतघर घेऊन दीड वर्ष राहिला, सोबत मेरी स्पेन्सर, जी पुढे आयुष्यभर त्याच्याबरोबर राहिली. तिथे तो मेलेले घोडे आणून फाडायचा. त्याची पद्धत आजच्या अॅनाटॉमीच्या माणसालाही पटेल अशी होती: आधी मानेची शीर उघडून रक्त काढायचं, मग रक्तवाहिन्यांत वितळलेली चरबी भरायची म्हणजे त्या फुगून आकार धरतात, मग छताला लावलेल्या लोखंडी दांडीवरून आकड्यांनी घोडा टांगायचा असा की खूर खाली फळीवर टेकतील आणि तो चालतोय असा दिसेल. मग एकेक थर. कातडी, त्याखालचे स्नायू, त्याखालचे, आणि थेट हाडापर्यंत, प्रत्येक थराचं मापासकट चित्र. एक घोडा अकरा आठवडे चालला. फॉर्मॅलिन वगैरे काही नाही तेव्हा. आम्ही कॉलेजात फॉर्मॅलिनमधल्या बॉडीवर काम केलं तरी घरी कोणी जेवायला शेजारी बसू द्यायचं नाही, आणि हा माणूस बिनफॉर्मॅलिनचा घोडा अकरा आठवडे घेऊन बसला. त्यातून १७६६ मध्ये त्याचं घोड्याच्या अॅनाटॉमीचं पुस्तक निघालं, प्लेट्ससुद्धा स्वतःच कोरल्या कारण दुसरं कोणी ते काम घ्यायला तयार नव्हतं. आणि गंमत बघा, इंग्लंडमध्ये पहिलं व्हेटर्नरी कॉलेज निघालं १७९१ साली. म्हणजे डॉक्टर तयार व्हायच्या पंचवीस वर्षं आधी चित्रकाराने त्यांचं पुस्तक तयार ठेवलं होतं! त्या कॉलेजचा पहिला मुख्य सेंबेल, त्यानेच १७८९ मध्ये एक्लिप्स मेल्यावर त्याची चिरफाड केली होती, म्हणजे आपल्या घोड्याच्या आजोबाची.

अशा माणसाला घोडा कुठल्या दोन पायांवर उभा राहतो हे माहीत नव्हतं म्हणणं मला तरी जमत नाही. म्हातारपणाचं म्हणाल तर, १७९५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर त्याने माणूस, वाघ आणि कोंबडी यांच्या शरीररचनेची तुलना करणारं नवीन काम हातात घेतलं होतं आणि १८०६ मध्ये मरेपर्यंत करत होता. त्यातली ड्रॉइंग्ज बघा, हात कापतोय का ते तुम्हीच ठरवा.

आता तोंड उघडं का, हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि याबद्दल कोणी विचारत नाही. घोडा तोंडाने श्वास घेत नाही. घेऊच शकत नाही, त्याचा मऊ टाळू लांब असतो आणि घशाची रचनाच अशी की हवा फक्त नाकातून जाते. कुत्रा पळून आला की जीभ काढून धापा टाकतो, घोडा कितीही दमला तरी तसं करत नाही, त्याच्या नाकपुड्या फुलतात, बस. त्यामुळे या चित्रातलं उघडं तोंड म्हणजे धाप नव्हे. तोंडात लोखंडी कडी आहे, ट्रेनरच्या हातात लगाम आहे आणि घोडा त्या कडीला विरोध करतोय. मागे पडलेल्या कानांबरोबर वाचलं की अर्थ एकच: दुखतंय, चिडलाय, हात लावू नका. कुठल्याही मोतद्दाराला दाखवा हे चित्र, नाव गाव न सांगता, तो म्हणेल साहेब हा चावणार आता.

आणि तरी तो पोऱ्या चिकटून उभा आहे. एका हातात पुसायचा कपडा आणि दुसरा हात घोड्याच्या विदर्सवर, म्हणजे मान संपते तिथल्या उंचवट्यावर, टाकलेला. ही जागा बघून मी थांबलोच. कारण ती अगदी बरोबर जागा आहे. घोडे एकमेकांना खाजवतात ते तिथे, आणि तिथे हात ठेवून चोळलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके खाली येतात हे आता मोजूनही बघितलंय लोकांनी. आमच्याकडचे सईस रेसनंतर हेच करतात, कोणी शिकवलेलं नसतं. घोडा आला की आधी खोगीर उतरवायचं, मग घाम खरवडायच्या पट्टीने मानेवरून पोटाकडे फेस ओढून काढायचा, घोड्याच्या घामात एक प्रोटीन असतं त्याने साबणासारखा फेस होतो, मग पाणी, परत पट्टी, परत पाणी, आणि चालवत ठेवायचं. मधेमधे कान चाचपायचे, कान गार पडले तर गडी हाक मारतो डॉक्टर जरा इकडे या. मग मी हिरडी दाबून बघतो, पांढरी झालेली जागा किती वेळात परत गुलाबी होते, आणि कुशीला स्टेथोस्कोप लावतो, आतडी गुरगुरताहेत का गप्प आहेत. आतडी गप्प असणं चांगलं नसतं.

न्यूमार्केटला मार्चमधल्या त्या उघड्या माळावर वारं असं की ओला घोडा गारठून आजारी पडायचा, म्हणून कोरडा करायचा तो कपड्याने चोळून. त्यासाठी माळावर जागोजागी छोट्या विटांच्या खोल्या बांधलेल्या होत्या. स्टब्सला या खोलीचा नाद होता म्हणा ना, १७६५ च्या सुमाराला त्याने नुसत्या खोलीची, माणूस नाही घोडा नाही, अशी स्टडी करून ठेवली, ती गिमक्रॅक नावाच्या घोड्याच्या चित्रात वापरली, आणि चौतीस-पस्तीस वर्षांनी हॅम्बलटोनियनमध्येही तशीच खोली आहे. गिमक्रॅकच्या चित्रात मागे घोडा पळतोय आणि पुढे तोच घोडा पुसला जातोय, दोन वेळा एकाच चित्रात. ते चित्र २०११ मध्ये लंडनला २ कोटी २४ लाख पौंडांना गेलं. पण त्यात सगळं शांत आहे, पोऱ्या खाली बसून पाय पुसतोय, घोडा ऐकतोय. दोन्ही शेजारी ठेवून बघा, तोच माळ, तेच काम, आणि मधल्या वर्षांत चित्रकाराला रेसबद्दल जे काही वाटायला लागलं ते सगळं त्या फरकात आहे. हे माझं वाचन, पुरावा मागू नका.

पळणाऱ्या घोड्याबद्दल एक बाजूची गोष्ट, कारण पाय चुकलेत हा आरोप खरं तर तिथे लागू होतो. त्या काळातली सगळी रेसची चित्रं काढा, घोड्याचे पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे, लाकडी झुलत्या घोड्यासारखे. स्टब्सच्या गिमक्रॅकमधला मागचा घोडासुद्धा तसाच. असा घोडा कधीच पळत नाही. चारही पाय हवेत असतात खरे पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना, आणि हे सिद्ध झालं १८७८ मध्ये मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा. डोळ्याला ते पकडताच येत नाही. जे फाडून, मोजून, उभं राहून बघता येतं ते सगळं स्टब्सला येत होतं. पळणं नव्हतं येत, कोणालाच येत नव्हतं.

मालकाचं काय? वेन-टेम्पेस्टने पैसे द्यायला नकार दिला हे खरं, स्टब्स कोर्टात गेला आणि केस जिंकला. पायांमुळे नकार दिला का? मला नाही वाटत. जो माणूस हजारो गिनी पैजेवर लावतो त्याला घोड्याच्या पायाची चूक खटकली असेल पण त्याहून जास्त काय खटकलं असेल विचार करा. त्याने विजयाचं चित्र मागवलं आणि त्याला त्याच्या विजयाचं बिल दाखवलं गेलं. त्यात तो स्वतः कुठेच नाही. आणि ती दोन माणसं, ट्रेनर आणि पोऱ्या, घोड्याकडे बघत नाहीत, सरळ बाहेर बघतात, म्हणजे चित्रासमोर उभा असलेल्याकडे, म्हणजे पहिल्यांदा कोणाकडे? मालकाकडेच. ट्रेनरच्या चेहऱ्यावर काहीच नाही, नोकरीतल्या माणसाचा चेहरा. त्या पोराचा मात्र बघवत नाही.

तरी चित्र घरातच राहिलं. सर हेन्रीची मुलगी फ्रान्सिस अॅन हिचं लग्न लंडनडेरी घराण्यात झालं, खाणींबरोबर चित्रही तिकडे गेलं, आणि आज ते चित्र नॉर्दर्न आयर्लंडमध्ये माउंट स्टुअर्ट या वाड्यात जिन्यावर टांगलेलं आहे, नॅशनल ट्रस्टकडे. बेलफास्टहून गाडीने जाता येतं. आणि घोड्याचं काय झालं हेही विचारतील म्हणून, तो त्या दिवशी मेला नाही, पुढे स्टडला, म्हणजे पैदाशीला, गेला आणि १८१८ पर्यंत, सव्वीस वर्षांचा होईपर्यंत जगला, जे रेसच्या घोड्यासाठी उत्तम आयुष्य आहे. एक्लिप्सची पुरुष ओळ तर आज जगातल्या बहुतेक थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या, घोड्यांत आहे, महालक्ष्मीला रविवारी पळतात त्यातही.

चित्र नेटवर शोधताना एक लक्षात ठेवा, हॅम्बलटोनियन नावाचा अजून एक प्रसिद्ध घोडा आहे, अमेरिकेतला, १८४९ चा, गाडीला जुंपून पळणाऱ्या घोड्यांचा मूळ पुरुष. त्याचे फोटोसुद्धा आहेत आणि सर्चमध्ये तोच आधी येतो. फोटो दिसला की समजायचं हा आपला नाही. आणि चित्र मिळालं की एकदम पूर्ण बघू नका, झूम करून आधी टेकलेले दोन खूर बघा, मग विदर्सवरचा हात, मग तोंड. त्यानंतरही पाय चुकलेत असंच वाटलं तर खाली लिहा, मी एखाद्या घोड्याचा चालतानाचा स्लो मोशन व्हिडिओ टाकतो.